भाजीवाल्याला क्यूआर, बँकेत मात्र रांग

ठाण्याच्या जांभळी नाक्यावर मेथीची जुडी घेणाऱ्या आजी आता सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालत नाहीत. पिशवीतून मोबाईल निघतो, क्यूआर स्कॅन होतो, गाळ्यावरची पेटी रक्कम मोठ्याने बोलते आणि आजी पुढच्या गाळ्यावर कोथिंबीर निवडायला लागतात. तासाभराने त्याच आजी नौपाड्यातल्या बँकेत पासबुक भरून घ्यायला टोकन धरून बसलेल्या दिसतात. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "आजी, मोबाईल बँकिंग चालू करून देऊ?" की म्हणतात, "नको गं, मला नाही जमत ते."

जमत नाही, हे काही खरं नाही. क्यूआर स्कॅन करून, रक्कम टाकून, पिन मारून पैसे देणाऱ्या माणसाला बँकेचं अ‍ॅप उघडून शिल्लक बघता येणार नाही, असं कसं होईल? बोटांचं काम दोन्हीकडे तेच. तरीही बँकांची पोस्टरं वर्षानुवर्षं एकच सांगतात, 'किती सोपं, किती जलद'. ग्राहकाच्या मनातला प्रश्न दुसराच असतो. काही चुकलं तर माझं किती जाईल, आणि त्या वेळी मी कुणाला विचारू? या प्रश्नाचं उत्तर मिळालं की माणूस अ‍ॅपकडे वळतो, नाहीतर 'सोपं आहे' हे शंभरदा ऐकूनही वळत नाही.

आधी एक गोंधळ मिटवू, कारण बरेच जण 'मी जीपे वापरतो, म्हणजे मोबाईल बँकिंग करतो' असं धरून चालतात. यूपीआय ही पैसे इकडून तिकडे पाठवण्याची व्यवस्था. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने ती 2016 मध्ये आणली, आणि ती वेगवेगळ्या कंपन्यांच्या अ‍ॅपमधून चालते. मोबाईल बँकिंग म्हणजे तुमच्या बँकेचं स्वतःचं अ‍ॅप. ते यूपीआयच्या आधीपासून आहे. रिझर्व्ह बँकेची त्यासंबंधीची पहिली मार्गदर्शक तत्त्वं 2008 ची, आणि रात्री-अपरात्रीही लगेच पैसे पोचवणारी आयएमपीएस सेवा नोव्हेंबर 2010 ची. बँकेच्या अ‍ॅपमध्ये खात्याचा उतारा मिळतो, मुदत ठेव उघडता येते आणि बऱ्याच बँकांत मोडताही येते, चेकबुक मागवता येतं, दिलेला चेक थांबवता येतो, एटीएम कार्ड हरवलं तर जागच्या जागी बंद करता येतं, व्याजावर टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापू नये म्हणून दर एप्रिलला द्यायचा फॉर्मही भरता येतो. स्लिप भरून, टोकन घेऊन जी कामं होतात त्यातली बहुतेक सगळी.

नेमकं इथेच पाणी मुरतं. जीपेतून जाईल तर मेथीचे वीस रुपये जातील. बँकेच्या अ‍ॅपमध्ये निवृत्तीनंतर मिळालेली सगळी पुंजी उघडी दिसते. ठाण्यात असे कितीतरी जण सापडतील ज्यांनी यूपीआयसाठी मुद्दाम वेगळं खातं ठेवलंय. त्यात चार-पाच हजार टाकायचे, संपले की पुन्हा टाकायचे. पेन्शनचं खातं मात्र कुठल्याही अ‍ॅपला जोडायचं नाही. बँकेच्या भाषेत हे ग्राहक 'डिजिटल नाहीत'. माझ्या मते या लोकांनी जोखमीचा हिशेब बँकेपेक्षा आधी आणि जास्त नीट केलाय. जाईल तर किती जाईल हे त्यांनी स्वतः ठरवून टाकलंय.

बाजारातल्या व्यवहारात आणखी दोन गोष्टी आपोआप होतात. पैसे घेणारा समोर उभा असतो, आणि पैसे पोचल्याचं पेटी तिथल्या तिथे बोलून दाखवते. शंकेला जागा उरत नाही. बँकेच्या अ‍ॅपमधून पुतण्याला पन्नास हजार पाठवले की स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी उमटतं, सोबत एक लांबलचक संदर्भ क्रमांक. पैसे पोचले की वाटेत आहेत? पुतण्याला फोन केला, त्याने उचलला नाही, की घालमेल सुरू. त्यात एनईएफटीने, म्हणजे बँकेतून बँकेत पैसे पाठवण्याच्या जुन्या पद्धतीने पाठवले असतील तर ते अर्ध्या-अर्ध्या तासाच्या खेपेने जातात, म्हणजे थोडा उशीर हा ठरलेलाच. पण हे आधी कुणी सांगितलेलंच नसतं.

म्हणून नवख्या माणसाचा पहिला व्यवहार आयएमपीएस किंवा यूपीआयनेच करून घ्यावा, तोही ज्याला पाठवायचे तो शेजारी बसलेला असताना. रक्कम एक रुपया. काकूंनी पाठवला आणि शेजारच्या खुर्चीत काकांच्या मोबाईलवर मेसेज वाजला, की भाजीच्या गाळ्यावरचा तो भरवसा इथेही येतो. एनईएफटी नंतर शिकवावी. सेव्हिंग खात्यावरून ऑनलाइन एनईएफटीला जानेवारी 2020 पासून शुल्क नाही आणि ती डिसेंबर 2019 पासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालते, हेही तेव्हाच सांगावं.

आता नोंदणी. बरीच मंडळी इथेच गळतात, आणि गळण्याचं कारण सहसा त्यांच्यात नसतंच. अ‍ॅप पहिल्यांदा उघडून नोंदणी करायला घेतली की ते तुमच्याच फोनमधून बँकेला एक एसएमएस पाठवतं. त्यात न समजणारी अक्षरं असतात. तो मेसेज बँकेत नोंदवलेल्या नंबरवरून आलाय की नाही हे बँक तपासते, आणि जुळलं की हे सिम, हा फोन आणि हे खाते यांची गाठ बांधते. हे पहिलं कुलूप. अ‍ॅप उघडण्याचा पिन किंवा बोटाचा ठसा हे दुसरं. पैसे पाठवताना लागणारा वेगळा पिन किंवा ओटीपी हे तिसरं. नुसता पिन चोरून भागत नाही, तुमचा फोन आणि सिमही लागतं. म्हणून तर चोर फोन ताब्यात घ्यायच्या मागे असतात. त्याबद्दल पुढे.

पहिल्या कुलपातच किती भानगडी होतात ते कुठल्याही शाखेत तासभर बसलात तर दिसेल. प्रीपेड सिमचं पॅक संपलेलं किंवा त्यात एसएमएसच नसतात, त्यामुळे मेसेज जातच नाही; अ‍ॅप फक्त 'अयशस्वी' म्हणतं आणि माणूस स्वतःला दोष देतो. फोनमध्ये दोन सिम असतात, मेसेज नको त्या सिमवरून जातो. सगळ्यात जास्त वेळा तर खात्याला लावलेला नंबरच दुसऱ्याचा निघतो. खातं उघडलं तेव्हा आईकडे मोबाईल नव्हता म्हणून मुलाचा दिला, मुलगा आता बंगळुरूला. कुणाचा नंबर गेलेल्या नवऱ्याच्या नावावरचा, रिचार्ज न केल्याने कधीच बंद पडलेला. बंद पडलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्या कुणाला देऊन टाकते, म्हणजे तुमच्या खात्याचे मेसेज तिसऱ्याच माणसाला जाण्याची शक्यता. तेव्हा मोबाईल बँकिंग वाढवायचं असेल तर शाखेनं पहिली मोहीम अ‍ॅपची नव्हे, नंबर बदलून घेण्याची काढावी. पासबुक भरायला आलेल्या प्रत्येकाला एवढंच विचारायचं, "बँकेचे मेसेज तुमच्या हातातल्या याच फोनवर येतात ना?" नाही म्हणाले तर तिथेच फॉर्म.

एक फोन सगळ्या घराचा असेल तर मामला आणखी निराळा. लोकमान्य नगरमध्ये, कळव्यात, वागळे इस्टेटच्या वस्त्यांमध्ये दिवसभर फोन मुलाच्या हातात असतो, गेम चालू असतो. त्या बाईला बँकेचं अ‍ॅप घे म्हणणं म्हणजे घरातल्या सगळ्यांना खात्यात डोकावू देणं. तिला मिस्ड कॉलवर शिल्लक कळवणारी सोय दाखवावी. बऱ्याच बँकांत ती आहे, स्मार्टफोन लागत नाही, डेटा लागत नाही. 2024 मध्ये लाडकी बहीण योजना सुरू झाल्यापासून 'पंधराशे आले का' एवढंच विचारायला बायका कामाचा खाडा करून शाखेत येतात. त्यांना पैसे पाठवायचे नसतात, काढायचेही नसतात त्या दिवशी. फक्त कळायला हवं असतं. साध्या फोनवरून व्यवहारही करायचा असेल तर मार्च 2022 पासून यूपीआय 123पे आहे. पण ही सोय शाखेत कुणी समजावून सांगताना मी फारसं पाहिलेलं नाही.

आता त्या मूळ धास्तीकडे, पैसे गेले तर काय. इथे माहिती भरपूर आहे आणि सांगणारं कोणी नाही, म्हणून जरा थांबून बघू.

पैसे जाण्याचे प्रकार वेगवेगळे, आणि प्रत्येकाचा नियम वेगळा. सगळ्यात साधा प्रकार म्हणजे खात्यातून कापले गेले, पण समोरच्याला पोचले नाहीत. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2019 मध्ये याची मुदत घालून दिली. आयएमपीएस किंवा यूपीआयने एकाने दुसऱ्याला पाठवलेले पैसे पोचले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत यायला हवेत. त्याहून उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई, आणि ती ग्राहकाने न मागता. दुकानदाराला यूपीआयने दिलेल्या पैशांसाठी ही मुदत पाच दिवसांची. ही माहिती मोठ्या अक्षरात काउंटरच्या काचेवर लावली, तर 'आजच डाउनलोड करा'च्या दहा पोस्टरांपेक्षा जास्त काम होईल असं मला वाटतं.

दुसरा प्रकार, आपल्याच हातून चुकीच्या खात्यात पाठवले. हा अवघड. ऑनलाइन व्यवहारात पैसे खाते क्रमांकावरूनच जमा होतात. नाव चुकलं तरी क्रमांक अस्तित्वात असेल तर रक्कम जाते. परत मिळवायला बँक मदत करते, पण ज्याच्या खात्यात गेले त्याची संमती लागते. म्हणूनच एनईएफटी आणि आरटीजीएस (मोठ्या रकमा पाठवण्याची पद्धत) करण्याआधी खातेदाराचं नाव दिसण्याची सोय 1 एप्रिल 2025 पर्यंत द्यायला रिझर्व्ह बँकेने सांगितलं. यूपीआयमध्ये नाव आधीपासूनच दिसतं. पहिल्या धड्यात शिकवायचं ते हेच: नाव वाचा, मोठ्याने वाचा, मग पुढे जा.

तिसरा प्रकार, आपण काहीच केलं नाही आणि पैसे गेले. 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने जबाबदारीची वाटणी केली. सहकारी बँकांसाठी तशीच सूचना त्याच वर्षी डिसेंबरात निघाली. ठाण्यात बराचसा जुना ग्राहकवर्ग सहकारी बँकांचा, म्हणून हे मुद्दाम सांगतो. बँकेच्या चुकीने पैसे गेले तर ग्राहकावर काहीच भार नाही. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, मधल्या कुठल्यातरी यंत्रणेची आहे, आणि ग्राहकाने मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तरीही भार शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या सेव्हिंग खात्यासाठी तोट्याची कमाल मर्यादा 10,000 रुपये, आणि किमान शिल्लक ठेवावी न लागणाऱ्या मूलभूत बचत खात्यासाठी 5,000. त्याहून उशीर झाला की बँकेच्या धोरणावर. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेनं ती रक्कम तात्पुरती खात्यात दाखवायची, आणि चूक ग्राहकाचीच होती हे सिद्ध करण्याची जबाबदारीही बँकेची.

चौथा प्रकार मात्र ग्राहकाच्या अंगाशी येतो: पिन किंवा ओटीपी आपणच कुणाला तरी दिला. मग बँकेला कळवेपर्यंतचा तोटा ग्राहकाचा; कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे फसलो असं लक्षात आल्यावर लाजेने दोन दिवस घरात गप्प बसणं हे फसण्याइतकंच महागात पडतं. आधी बँकेला फोन, लगेच 1930 ला फोन. हा सायबर फसवणुकीचा देशभराचा हेल्पलाइन क्रमांक. पैसे एका खात्यातून पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवायचे असतात, त्यामुळे पहिला तास सगळ्यात मोलाचा. बँकेनं तीस दिवसांत दाद दिली नाही किंवा तिचं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, तीही फुकट.

आणि चोर घुसतात कसे? पूर्वी फोनवर ओटीपी विचारायचे. आता व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका किंवा वाहतूक पोलिसांचं चलान म्हणून एक फाइल येते, जिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असतं. ती उघडली की फोनमध्ये एक अ‍ॅप बसतं आणि तुमचे एसएमएस परस्पर वाचायला लागतं. किंवा 'मदत करतो' म्हणून स्क्रीन शेअर करणारं अ‍ॅप घ्यायला लावतात. म्हणजे ते पहिलं कुलूप, फोन आणि सिमचं, आतूनच उघडतात. त्यामुळे नियमही साधा होतो. अ‍ॅप घ्यायचं ते फक्त प्ले स्टोअर किंवा अ‍ॅप स्टोअरमधून. मेसेजमधून आलेली फाइल, मग ती सख्ख्या भाच्याच्या नंबरवरून आलेली का असेना, उघडायची नाही. त्या भाच्याचाच फोन आधी फसलेला असू शकतो. दुसरा नियम: पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. 'पैसे पाठवतोय, पिन टाका' म्हणणारा चोर.

अ‍ॅप घेतलंच नाही म्हणजे आपण सुरक्षित, हाही भ्रमच. 'डिजिटल अटक' म्हणून जो प्रकार गाजला, त्यात व्हिडिओ कॉलवर पोलिसाचा गणवेश दाखवून घाबरवलेल्या अनेक ज्येष्ठांनी स्वतः शाखेत जाऊन एफडी मोडल्या आणि काउंटरवरून आरटीजीएस केला. काही ठिकाणी कर्मचाऱ्याला शंका आली म्हणून पैसे वाचले. यावरून शाखेतला माणूस किती कामाचा असतो तेही कळतं.

त्या माणसाबद्दलच आता बोलायचंय. मोबाईल बँकिंग वाढवण्याची सक्ती वरून येते ती आकड्यांच्या रूपात. महिन्याला इतक्या नोंदण्या. मग शाखेत काय होतं? काका पासबुक घेऊन आलेत. तरुण अधिकारी त्यांचा फोन हातात घेतो, भराभर अ‍ॅप उतरवतो, नोंदणी करतो आणि विचारतो, "काका, पिन काय ठेवू? जन्मसाल चालेल?" काका मान डोलावतात. पाच मिनिटांत काम फत्ते, आकड्यात एकाची भर. काका घरी गेले की ते अ‍ॅप पुन्हा उघडत नाहीत. ते तरी एक वेळ ठीक. त्यापेक्षा वाईट हे, की बँकेच्या खुर्चीत बसलेल्या माणसानेच त्यांना शिकवलं: बँकेतला म्हणाला तर फोन द्यायचा आणि पिन सांगायचा. उद्या 'बँकेतून बोलतोय' म्हणणाऱ्याला त्यांनी पिन सांगितला तर कुणाच्या नावाने ओरडणार?

याच्या उलट एक पद्धत आहे, वेळखाऊ, पण टिकणारी.

"काकू, फोन तुमच्याच हातात राहू दे. मी हात लावणार नाही."

"अगं, पण मला बारीक दिसत नाही."

"मग आधी अक्षरं मोठी करू. सेटिंगमध्ये जा… हां, तिथे. आता सरकवा. दिसतंय?"

"हो, आता बरंय."

"आता पिन टाकायचा. दोनदा."

"चालेल. पिन सांगू का तुला?"

"मला नाही सांगायचा. कुणालाच नाही. मी तिकडे तोंड करते."

एका बैठकीत एवढंच. शिल्लक बघता आली, शेवटचे व्यवहार बघता आले, बस. पैसे पाठवणं पुढच्या खेपेला. काही बँकांत फक्त बघण्यापुरती सोय वेगळी चालू करता येते. ज्यांना धास्ती जास्त त्यांना तीच द्यावी. पेन्शन एक तारखेला आली की तीन तारखेला हे घरबसल्या कळू लागलं, की दोन-तीन महिन्यांत माणूस स्वतःच विचारतो, "यातून लाइट बिल भरता येतं का गं?" त्या प्रश्नापर्यंत थांबण्याची तयारी हवी.

ज्याला पैसे पाठवायचे त्याचं नवीन खातं जोडल्यावर पहिले काही तास कमीच रक्कम जाते, फोन बदलल्यावर यूपीआयमध्ये पहिल्या दिवशी 5,000 रुपयांच्या आतच व्यवहार होतो. हे आधी सांगून ठेवावं. नाहीतर मुलाची फी भरायला बसलेल्या माणसाला वाटतं अ‍ॅप बिघडलं, आणि तो पुन्हा चेककडे वळतो. ही मर्यादा चोराच्या हाती एकदम मोठी रक्कम लागू नये म्हणून असते, हे कळलं की तीच गोष्ट दिलासा देते.

दिलासा द्यायचा तर बँकेनं एक पाऊल पुढे जाऊन मर्यादेची सूत्रं ग्राहकाच्या हाती द्यावीत. कार्डांच्या बाबतीत हे झालंय: जानेवारी 2020 च्या आदेशानंतर कार्डाचा ऑनलाइन, परदेशी वापर ग्राहक स्वतः चालू-बंद करतो, मर्यादा ठरवतो. अ‍ॅपमध्येही बऱ्याच बँकांनी रोजची मर्यादा कमी करण्याची सोय ठेवलीय, पण ती पाच पानं आत दडलेली असते. नोंदणीच्या वेळीच विचारावं, "दिवसाला जास्तीत जास्त किती जाऊ द्यायचे?" कुणी दोन हजार म्हणेल, म्हणू दे. "एफडी अ‍ॅपमधून मोडू द्यायची की फक्त शाखेत येऊन?" बहुतेक निवृत्त मंडळी शाखेत म्हणतील, आणि त्या एका पर्यायामुळे अ‍ॅप घ्यायला तयार होतील. वेगळं 'जीपेचं खातं' काढून लोकांनी जे स्वतः साधलं, तेच बँकेच्या अ‍ॅपमध्ये मिळालं तर त्यांना ते परकं वाटणार नाही.

आणखी एक विसंगती मिटवायला हवी. बँका रोज बजावतात की मेसेजमधल्या लिंकवर दाबू नका, आणि त्याच दिवशी स्वतः केवायसीसाठी, कर्जासाठी लिंक पाठवतात. सामान्य माणसाने खरी कोणती, खोटी कोणती हे कसं ओळखायचं? आता बँकांच्या संकेतस्थळांना शेवटी 'डॉट बँक डॉट इन' असलेले पत्ते आणि ग्राहकांना करायच्या फोनसाठी 1600 ने सुरू होणारे क्रमांक आलेत, ही चांगली गोष्ट. पण आमच्याकडून लिंक येणारच नाही, असं एखाद्या बँकेनं जाहीर केलं आणि पाळलं, तर त्या बँकेच्या अ‍ॅपवर मी जरा जास्त विश्वास ठेवीन.

'वेळ वाचेल' हा प्रचार कुणाला लागू पडतो तेही बघावं. सकाळी साडेसातची लोकल धरून रात्री नऊला परतणाऱ्यांना तो केव्हाच पटलाय. दुसरा-चौथा शनिवार बंद, मग शाखेत जाणार तरी कधी? ते सगळे अ‍ॅपवर गेलेत. उरलेत ते निवृत्त लोक, आणि त्यांच्याकडे वेळच वेळ. तलावपाळीला चक्कर, बँकेत पासबुक, येताना भाजी, वाटेत दोन ओळखीचे, हा त्यांचा दिवस आहे. तो कशाला वाचवायचा? त्यांना सांगायचं तर जूनच्या पहिल्या आठवड्यात सांगावं. गुडघा धरलाय, बाहेर धो धो पाऊस, रिक्षावाला यायला तयार नाही, अशा वेळी मेंटेनन्स आणि गॅसचं बिल घरून भरता आलं तर हवंय का? यावर होकार येतो.

मेंटेनन्स म्हटलं की सोसायटी आलीच. घोडबंदर रोडवरच्या मोठ्या संकुलांमध्ये सगळं अ‍ॅपवर चालतं, पण नौपाडा, चरई, कोपरीतल्या जुन्या सोसायट्यांमध्ये अजून चेक टाकायची पेटी असते आणि खजिनदार महिन्याला एकदा ती उघडून स्लिपा भरत बसतो. त्या खजिनदाराला हाताशी धरावं. त्याला ऑनलाइन मेंटेनन्स हवाच असतो, फक्त 'रिमार्कमध्ये फ्लॅट नंबर लिहा' ही त्याची विनवणी कुणी ऐकत नाही. शाखेतल्या एकाने रविवारी सकाळी सोसायटीच्या ऑफिसात तासभर बसून दहा जणांना तेवढी एकच कृती करून दाखवली, तर दर महिन्याला ती आपोआप गिरवली जाते. एक सूचना: सोसायटीचं खातं दोघांच्या सहीचं असतं, तिथे एकट्याला पैसे पाठवता येत नाहीत; एकाने व्यवहार भरायचा आणि दुसऱ्याने मंजूर करायचा अशी सोय बँकेकडे वेगळी मागावी लागते. घरातली संयुक्त खाती 'दोघांपैकी कुणीही' अशी असतील तर अडचण नाही.

आकडे मोजायचेच असतील तर नोंदण्या मोजू नयेत. तीन महिन्यांनी किती जण स्वतःच्या हाताने, स्वतःच्या फोनवरून काहीतरी करतायत ते मोजावं. किती जणांनी पासबुकाची रांग सोडली तेही.

आणि काही जणांना नकोच असेल. हात थरथरतो, नजर गेलीय, किंवा सरळ इच्छा नाही. 1 जानेवारी 2026 पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे डिजिटल सेवा द्यायला ग्राहकाची स्पष्ट संमती लागते, आणि डेबिट कार्डासारखी दुसरी सोय हवी असेल तर आधी मोबाईल बँकिंग घ्या अशी अट घालता येत नाही. सत्तरी ओलांडलेल्यांना आणि अपंग ग्राहकांना रोख रक्कम, डिमांड ड्राफ्ट, हयातीचा दाखला अशी मूलभूत कामं घरपोच करून देण्याचा प्रयत्न करावा, असं बँकांना 2017 पासून सांगितलेलं आहे. तुमच्या शाखेत ही सोय आहे का, आणि असल्यास एका फेरीचे किती पैसे घेतात, हे पुढच्या वेळी पासबुक भरायला गेलात की विचारून ठेवा.